वाचकांचे प्रश्न : वैरण वाळवताना आणि रचताना

पाऊस परतीला लागला की या सदराकडे वैरणीचे प्रश्न वाढतात. या अंकात तेच घेतले आहेत. बहुतेकांनी विचारले आहे गंजीबद्दल. पण गंजीत खराब झालेली वैरण बहुतेक वेळा शेतातच खराब झालेली असते, त्यामुळे उत्तरे कापणीपासून सुरू होतील.

प्रश्न : डोंगरउतारावर आमचे अडीच एकर गवत आहे. पवना, मारवेल, कुसळी असे मिश्र. दिवाळी झाली की कापायचे, अशी घरची रीत. पण त्या गवतावर गाईचे दूध घटते आणि तोंडात कुसळे टोचतात ते वेगळेच. लवकर कापावे तर पाऊस असतो. मार्ग सुचवा. (एक वाचक, भोर, जि. पुणे)

उत्तर : दिवाळीनंतर तुम्ही कापता ते उभ्याने वाळलेले काड असते. गवत फुलोऱ्यावर येते तेव्हा, म्हणजे तुमच्या भागात साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून, त्याच्या सुक्या वजनात ६ ते ८ टक्के प्रथिने असतात. बी धरून झडले की काडात २ ते ३ टक्केच उरतात. एवढ्यावर कोठीपोटातले, म्हणजे चारा आधी जिथे मुरतो त्या मोठ्या पोटातले, जिवाणूच उपाशी राहतात. चारा पचायला वेळ लागतो, पोट भरलेले राहते, जनावर कमी खाते आणि दूध उतरते. कुसळीचेही तसेच. फुलोऱ्यात कापली तर ती बरा चारा आहे. कुसळ पिकून कडक झाले की तोंडात, जिभेखाली, शेळ्यामेंढ्यांच्या तर कातडीतही घुसते. मग कापायचीच असेल तर कुसळ झडून गेल्यावर कापावी, पण तेव्हा ती फक्त पोट भरण्यापुरती.

पावसाची अडचण खरी आहे. म्हणून अडीच एकर एकदम कापू नये. हवामान खात्याचा अंदाज पाहून तीन-चार दिवस उघाड दिसली की जेवढे घरच्या माणसांना पसरता, उलटता आणि गोळा करता येईल तेवढेच, अर्धा एकर म्हणा, पाडावे. सप्टेंबरअखेरीस सुरुवात करून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने संपवावे. ऑक्टोबरचे ऊन यासाठी सर्वांत चांगले. सगळे गवत नेमक्या फुलोऱ्यात हाती लागणार नाही, तरी शेवटचा टप्पासुद्धा दिवाळीनंतरच्या काडापेक्षा उजवाच निघेल.

दव सुकल्यावर, नऊच्या सुमारास कापायला लागावे. जमिनीपासून चार बोटे खुंट ठेवावा. फुटव्याला तो लागतोच, शिवाय त्यावर पसरलेल्या गवताखालून वारा खेळतो. साफ केलेल्या जमिनीवर पसरलेले गवत खालून ओल धरते आणि मातीही उचलते. कापताच पातळ पसरावे, कवळ्या तशाच पडू देऊ नयेत. कापलेल्या पात्याची रंध्रे काही तास उघडी असतात, त्या वेळात पाणी झपाट्याने जाते. ढिगात पडलेल्या गवताचा हा वेळ फुकट जातो. दुपारी एकदा उलटावे. संध्याकाळी लांब, अरुंद ओळी ओढाव्यात, म्हणजे दव फक्त वरच्या थराला लागते. दुसऱ्या दिवशी दव सुकले की ओळी मोडून पुन्हा पसरावे. स्वच्छ उन्हात तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गवत रचायला तयार होते, ढगाळ हवेत चार-पाच दिवस लागतात.

मध्येच सर आली तर? नुकत्याच कापलेल्या हिरव्या गवतावर पडलेल्या पावसाने फारसे जात नाही. जवळजवळ वाळलेल्या गवतावर पडला तर साखर आणि क्षार धुऊन जातात, रंग काळपट होतो. म्हणून ताडपत्रीची खरी गरज पहिल्या दिवशी नसते, तिसऱ्या दिवशी असते.

चांगल्या गवताचा एखादा पट्टा दरवर्षी पाळीने बी पडेपर्यंत राखावा, नाहीतर लवकर कापणीने काही वर्षांत मारवेल मागे पडते आणि रानात नको ते वाढते. त्या पट्ट्यातले काड युरिया प्रक्रियेला वापरता येईल : १०० किलो वाळल्या काडाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून प्लास्टिकखाली हवाबंद २१ दिवस ठेवायचे आणि खायला घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्यायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना आणि घोड्यांना ते देऊ नये. युरियाचे द्रावण किंवा त्याची रिकामी भांडी जनावरांच्या तोंडी लागतील अशी ठेवू नयेत.

प्रश्न : लसूणघास वाळवून ठेवतो, पण गोळा करेपर्यंत पाला झडून नुसत्या काड्या राहतात. गाई त्या गव्हाणीत टाकून देतात. (एक वाचक, संगमनेर, जि. अहिल्यानगर)

उत्तर : घासातली दोन तृतीयांश प्रथिने पाल्यात असतात. पाला शेतात राहिला तर १५ ते २० टक्के प्रथिनांची वैरण सोडून तुम्ही सरपण घरी आणले, असे समजा. गडबड अशी होते की पान काही तासांत वाळते आणि काडी दोन दिवस ओली राहते. काडी वाळायची वाट पाहत पान कुरकुरीत होते, आणि मग हात लागला की झडते.

यावर उपाय वेळेचा आहे. घास शेंड्याला फुले दिसू लागताच, शंभरात दहा काड्यांना फूल असताना कापावा. फुलांनी भरलेल्या घासाची काडी जाड, तंतुमय आणि वाळायला हट्टी. कापल्या दिवशी पसरून दुपारी एकदा उलटून घ्यावा. पान मऊ आहे, मुठीत दाबले तर चुरा होत नाही, तोवरच उलटापालट. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी सैलसर, हवा खेळणाऱ्या ओळी ओढून ठेवाव्यात आणि पुढचे वाळणे ओळीतच होऊ द्यावे. दुसऱ्या दिवसानंतर भर दुपारी घासाला हात लावू नये. उलटणे, गोळा करणे, गाठी बांधणे ही कामे सकाळी, दवाने पान नरम असताना उरकावीत. मात्र दवाचे पाणी काडीवर दिसत असेल तर तासभर थांबावे.

जागा असेल तर तिवई उत्तम. सात-आठ फुटी तीन बांबू वर एकत्र बांधायचे, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आडव्या काठ्या बांधायच्या आणि अर्धवट सुकलेला घास त्यांवर बाहेरून चढवत जायचा. आत पोकळी राहते, तीतून हवा वर जाते. एकदा चढवलेल्या घासाला हात लावायचा नाही, म्हणून पाला टिकतो; सर आली तरी पाणी बाहेरच्या बाजूने ओघळते. आठ-दहा दिवस लागतात, पण रोजची मजुरी लागत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तारांवर पातळ टाकून वाळवला तर हिरवा रंगही टिकतो. हिरवा रंग म्हणजे अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल शाबूत. उन्हात पांढरट पडलेल्या वैरणीत तो उरलेला नसतो.

हिशेबासाठी : हिरव्या घासात सुमारे २० टक्के शुष्क भाग असतो. १०० किलो हिरव्या घासाची १५ टक्के ओलाव्याची वैरण सुमारे २३ किलो भरते. तुमच्याकडे १७-१८ किलोच येत असेल तर पाला वावरात राहतो आहे.

प्रश्न : वैरण पुरेशी वाळली हे यंत्राशिवाय कसे ओळखावे? (एक वाचक, माजलगाव, जि. बीड)

उत्तर : रचण्यापूर्वी ओलावा १५ टक्क्यांपर्यंत यायला हवा. दाबून बांधलेल्या गाठींत हवा कमी खेळते, त्यामुळे तिथे एक-दोन टक्के आणखी कमी असलेला बरा. पानावरून कधीच ठरवू नये, पेर पाहावे. काडीत पेर सर्वांत शेवटी वाळते. ओळीच्या खालच्या बाजूच्या, सावलीतल्या, जाड अशा दहा-बारा काड्या उचलाव्यात. पेर नखाने दाबल्यावर मऊ लागले किंवा ओल दिसली तर थांबा. घासाच्या काडीची साल नखाने खरवडावी. पापुद्रा सुटून निघाला तर काडी ओली आहे. गवताची जुडी दोन्ही हातांनी पिळावी. ती दोरासारखी वळत राहिली तर ओली, काही काड्या तुटल्या पण चुरा झाला नाही तर बरोबर, आणि कडकडा मोडली तर जरा जास्तच वाळली.

खात्री हवी तर मायक्रोवेव्ह चालतो. वेगवेगळ्या ठिकाणची वैरण बारीक कापून बरोबर १०० ग्रॅम घ्या. आत कोपऱ्यात पाण्याचा कप ठेवा, नाहीतर वैरण पेट घेईल. दोन मिनिटे तापवून वजन करा, मग ३०-३० सेकंद तापवून पुन्हा पुन्हा वजन करा. वजन घटायचे थांबले की जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे टक्के ओलावा. शेवटचे वजन ८३ ग्रॅम आले तर ओलावा १७ टक्के, म्हणजे अजून एक ऊन हवे.

सायंकाळी कुरकुरीत लागणारे गवत सकाळी नरम लागते, म्हणून परीक्षा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घ्यावी. आणि मोठ्या वावरात एकाच जागची मूठ पाहून कौल देऊ नये. झाडाच्या सावलीतली आणि बांधालगतची वैरण नेहमी मागे असते.

प्रश्न : दहा दिवसांपूर्वी गवताची मोठी गंजी रचली. आता सकाळी तिच्यातून वाफ निघते आणि गुळासारखा वास येतो. आत हात घातला तर गरम लागते. पेट घेईल का? (एक वाचक, राधानगरी, जि. कोल्हापूर)

उत्तर : घेऊ शकते, म्हणून आजच तपासा. वैरणीत ओल राहिली की आधी अर्धवट जिवंत पेशींचा श्वास आणि मग बुरशी व जिवाणू उष्णता निर्माण करतात. ती बाहेर पडली नाही तर तापमान चढत जाते. ७० अंशांच्या आसपास जिवाणूही मरतात, पण तिथून पुढे वैरणीतच रासायनिक क्रिया सुरू होते, आणि तिला जिवाणूंची गरज नसते. अशा आगी बहुतेक रचल्यापासून दोन ते सहा आठवड्यांत लागतात. तुम्ही नेमके त्या काळात शिरत आहात.

एका टोकाला चपटा करून बंद केलेला आणि खालच्या फुटभरात भोके पाडलेला लोखंडी पाइप गंजीच्या मध्यापर्यंत ठोका. त्यात दोरीने थर्मामीटर सोडून १५ मिनिटांनी वर काढा. तापाचा थर्मामीटर चालत नाही, १०० अंशांपर्यंतचा लागतो. तो नसेल तर जाड लोखंडी सळई अर्धा तास खुपसून ठेवा. ओढल्यावर हातात धरवत नसेल तर आत धोक्याच्या पायरीपर्यंत ताप चढला आहे असे धरून चाला. तीन-चार ठिकाणी पाहा, कारण गरम भाग बहुधा एकाच जागी असतो.

५० अंशांपर्यंतचा ताप ताज्या गंजीला पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत येतोच, मग ओसरतो. ५५ च्या वर गेला तर सकाळ-संध्याकाळ मोजा, ताडपत्री काढा आणि ताप चढत असेल तर गंजी मोडून वैरण पातळ पसरा. ६५ ते ७० ला मोडायची तर पाण्याचा पंप किंवा टँकर जोडलेला, माणसे हाताशी आणि गोठ्यातली जनावरे आधीच बाहेर. ८० च्या पुढे स्वतः मोडू नका. आत ऑक्सिजन नसल्याने धुमसणारी वैरण उघडताच भडकते. १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा. कोणत्याही तापलेल्या गंजीवर चढून चालू नये. आत जळून पोकळी झालेली असू शकते आणि माणूस थेट तीत जातो. वरून पाणी ओतणेही निरुपयोगी. ते मध्यापर्यंत पोचत नाही, फक्त बाहेरचा थर भिजवते.

गुळाच्या, तंबाखूच्या वासाची तपकिरी वैरण जनावरे आवडीने खातात, आणि इथेच फसगत होते. त्या तापात प्रथिने साखरेशी बांधली जातात आणि पचत नाहीत. ती वैरण पोटभरीची समजून पेंड किंवा हिरवा चारा वाढवावा.

पुढच्या वेळी ओलीबद्दल शंका असेल तर एका मोठ्या गंजीऐवजी तीन लहान रचा, मध्ये मोकळी जागा ठेवून. लहान गंजीतून उष्णता निघून जाते, आणि काही झालेच तर वर्षाची सगळी वैरण एकदम जात नाही. थरांत मीठ टाकल्याने ओली वैरण सुरक्षित होते हा समज सोडा. थोड्या मिठाने चव सुधारते, ओल जात नाही.

प्रश्न : शाळवाचा कडबा दरवर्षी गंजीच्या तळाला वाळवी खाते आणि पावसाळ्यात वरचा हातभर थर सडतो. कुट्टी करून ठेवला तर? (एक वाचक, मंगळवेढा, जि. सोलापूर)

उत्तर : तळाशी जमिनीला टेकलेला कडबा वाळवीचाच. दगड किंवा जुन्या विटांचे फूट-दीड फूट उंच ओटे, त्यांवर लाकडे किंवा बांबू, आणि मग कडबा. ओट्यांवरून वाळवीचे मातीचे बोगदे चढताना दिसतात, ते पंधरा दिवसांनी खरवडून टाकावेत. गंजीत कीटकनाशक पावडर मारू नये. ती दुधात उतरू शकते. भोवती चर काढून पाणी वाहून जाईल असे करावे.

वरचा थर सडतो तो रचण्याच्या चुकीने. पेंढ्यांची बुडे बाहेर, शेंडे आत, आणि आतली बाजू नेहमी थोडी उंच. यासाठी गंजीचा मध्य सुरुवातीपासून भरत आणि तुडवत न्यावा. मध्य खचला की पेंढ्या आत कलतात आणि पावसाचे पाणी बुडावरून थेट पोटात जाते. माथा घराच्या पाख्यासारखा तीव्र उताराचा हवा. प्लास्टिक कागद कडब्याला चिकटवून टाकला की रात्री त्याच्या आतल्या बाजूला दहिवर धरते आणि तेच पाणी वरचा थर कुजवते. तुमच्याकडे बहुधा हेच होत असावे. माथ्यावर आडवे बांबू ठेवून त्यांवर कागद ताणावा आणि दोन्ही टोके हवेसाठी उघडी ठेवावीत.

सगळ्याची कुट्टी करून ठेवू नये. कुट्टीला मोकळी, कोरडी खोली लागते. बाहेर ती भिजली तर पेंढीसारखे पाणी निथळत नाही, पूर्ण ढीग जातो. दोन-तीन आठवड्यांपुरती, दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करत राहावे. गोठ्यापासून गंजी ५० फूट तरी लांब असावी, आणि विजेच्या तारांखाली अजिबात नको.

प्रश्न : चार गाईंना उन्हाळ्यासाठी किती वैरण आणि किती जागा लागेल? (एक वाचक, देवळा, जि. नाशिक)

उत्तर : ४०० किलोच्या गाईला हिरव्या चाऱ्याच्या जोडीला रोज ६ किलो वाळली वैरण धरा. फेब्रुवारी ते जून १५० दिवस, म्हणजे ९०० किलो. नासधूस धरून एक टन. चार गाईंचे चार टन. हिरवा चारा मुळीच नसेल तर यात भागणार नाही, दीडपटीच्या वर लागेल. सुटे गवत चांगले तुडवून रचले तर एक घनमीटरमध्ये साधारण ७० किलो बसते. चार टनांना १० फूट रुंद, २० फूट लांब आणि सरासरी १० फूट उंच गंजी होते. यंत्राच्या गाठी केल्या तर याच्या निम्मी जागा पुरते. गाठींच्या सुतळ्या मात्र कापून गव्हाणीबाहेर टाकाव्यात. प्लास्टिकची दोरी कोठीपोटात गोळा होते, आणि तारेने बांधलेल्या गाठीतला तुकडा पोटातून हृदयापर्यंत टोचू शकतो.

प्रश्न : संकरित नेपिअर गवत वाळवून ठेवता येईल का? (एक वाचक, शिरोळ, जि. कोल्हापूर)

उत्तर : नाही म्हणालो तरी चालेल. जाड कांडी वाळेपर्यंत पाने भुसा होतात. कुट्टी करून फरशीवर वाळवता येते, पण कष्ट परवडत नाहीत. नेपिअरचा मुरघास करा, म्हणजे हिरवाच कापून, दाबून, हवाबंद मुरवा.

प्रश्न : पावसाअभावी खुरटलेली महिन्याभराची ज्वारी आहे. वाळवून घातली तर किराळ लागणार नाही ना? (एक वाचक, जत, जि. सांगली)

उत्तर : हिरवी किंवा अर्धवट सुकलेली मुळीच घालू नका. किराळ म्हणजे ज्वारीतल्या हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा, आणि अशा ज्वारीत ते तयार होण्याचा धोका सर्वांत मोठा. पूर्ण वाळल्यावर ते बरेच उडून जाते, म्हणून दोन दिवस सुकवून चालत नाही. पेर कोरडे होऊन वैरण रचण्याजोगी झाल्यावरच, आणि तीही इतर चाऱ्यात थोडी मिसळून. दुसरा धोका मात्र वाळवल्याने जात नाही : नायट्रेट. युरिया भरपूर दिला आणि नंतर पिकाला ताण बसला तर ते खोडाच्या खालच्या भागात साठते आणि कडब्यात वर्षभर तसेच राहते. खालचा फूटभर बुडखा वावरातच सोडावा. उपाशी जनावरापुढे अशी वैरण कधीही टाकू नये. धाप, तोल जाणे, थरथर दिसली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावे. किराळीवर सोडिअम थायोसल्फेट शिरेतून द्यावे लागते आणि हाताशी वेळ थोडा असतो.

प्रश्न : भाताच्या पेंढ्याला बुरशी आली आहे. उन्हात टाकून, झाडून म्हशींना घातला तर चालेल का? (एक वाचक, माणगाव, जि. रायगड)

उत्तर : ऊन बुरशी वाळवते, तिने तयार केलेले विष नाही. बुरशीच्या पेंढ्यावर राहिलेल्या म्हशींत कान, शेपटी आणि खुरांजवळचा भाग काळा पडून गळण्याचा देगनाला नावाचा रोग दिसतो. काळे, गुलाबी किंवा पांढरे ठिपके असलेला, कुबट वासाचा पेंढा बाजूला काढून उकिरड्यात टाका. गाभण आणि दुभत्या जनावरांना शंका असलेला पेंढाही नको. फक्त बाहेरचा थर खराब असेल आणि आतला सोनेरी, खडखडीत, वासाला गोड असेल तर आतला वापरता येईल, पण तो आधी एकाच जनावराला थोडा घालून तीन-चार दिवस पाहावे. झाडताना नाका-तोंडाला फडके बांधा आणि वाऱ्याकडे पाठ करा. बुरशीची धूळ माणसाच्या फुप्फुसांनाही लागते. काम केल्यावर काही तासांनी ताप, खोकला, धाप असे होत असेल तर डॉक्टरांना पेंढ्याच्या धुळीबद्दल आवर्जून सांगा, नाहीतर औषधे न्यूमोनियाची चालू राहतात.